मधाची बाटली देवघरातून ओट्यावर

(आमच्या गटाने सामुदायिक रेडिओवर सादर केलेल्या ‘घरचं स्वयंपाकघर’ या भाषणाचा मजकूर)

चेंबूरहून आम्ही सगळ्या तुमच्याशी बोलतोय. आमच्या गटात कोणी घाटल्याची आहे, कोणी टिळकनगरची, एक जण चेंबूर कॅम्पातली सिंधी भाभी आहे, तर दोघी छेडानगरच्या तमिळ कुटुंबांतल्या. दर पंधरा दिवसांनी आम्ही कोणाच्या तरी घरी जमतो, एखादा पदार्थ करून बघतो आणि जमलं-फसलं ते तुम्हाला सांगतो. आजचा विषय आहे मध.

विषय निघाला तो एका साध्या प्रश्नावरून. आमच्यातली एक जण महाबळेश्वरला जाऊन आली आणि सगळ्यांसाठी मधाची एकेक बाटली घेऊन आली. महिन्याभराने आम्ही एकमेकींना विचारलं, त्या मधाचं काय केलंत? एकीची बाटली देवघरात होती, पंचामृतासाठी. दुसरीची औषधांच्या डब्यात, खोकल्यासाठी. तिसरीच्या घरी सकाळच्या लिंबूपाण्यात चमचाभर जात होता. स्वयंपाकाच्या ओट्यावर मात एकीचीही बाटली नव्हती. एवढा चांगला, साखरेपेक्षा कितीतरी महाग पदार्थ घरात आणायचा आणि सर्दी व्हायची वाट बघायची, हे काही बरोबर नाही. म्हणून दोन-तीन महिने आम्ही मध घालून गोड आणि तिखट असे दोन्ही प्रकार करून पाहिले. त्यात दोन गोष्टी अशा कळल्या की त्या सांगितल्याशिवाय पाककृती सांगणं योग्य नाही. एक मधुमेहाबद्दलची आणि एक तान्ह्या बाळाबद्दलची. त्याही आज सांगणार आहोत, तेव्हा शेवटपर्यंत ऐका.

आधी मध म्हणजे काय ते थोडक्यात. मधमाशी फुलांतला रस गोळा करते, पोळ्यात आणून त्यातलं पाणी कमी करते आणि मेणाने झाकून ठेवते. आपल्या सह्याद्रीत सातेरी नावाची माशी असते. ती झाडाच्या ढोलीत, अंधारात पोळी बांधते आणि लाकडी पेटीतही राहते. महाबळेश्वरला राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, आणि त्याच तालुक्यातलं मांघर हे २०२२ साली ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. आपल्या इमारतींच्या सज्जाखाली जे मोठं मोहोळ लटकतं ते आग्या माशीचं. ते कधीही स्वतः काढायला जाऊ नका, आणि उगाच जाळूनही टाकू नका. जाणकार माणसाला बोलवा.

जसं फूल तसा मध. जांभळाच्या फुलोऱ्यातला मध काळपट आणि किंचित कडवट असतो. कारवी तर सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते, त्यामुळे तिच्या मधाचं अप्रूप वेगळंच. म्हणून दोन बाटल्यांचा रंग वेगळा दिसला की लगेच ‘भेसळ’ म्हणू नका. स्वयंपाकासाठी आमचा अनुभव असा: फिका, सौम्य मध गोड पदार्थात आणि कोशिंबिरीत छान लागतो, गडद मध लसूण-मिरचीबरोबर उठून दिसतो.

आता मापाचं बोलू, कारण फसगत इथेच होते. साखर एक वाटी लिहिली असेल तर आपण सरळ एक वाटी मध घालतो. पण मध साखरेपेक्षा जड असतो. दीडशे मिलिलिटरची वाटी घेतली तर तिच्यात साखर साधारण १२५ ग्रॅम बसते आणि मध २१० ग्रॅमच्या आसपास. त्यात मध जिभेला साखरेपेक्षा थोडा जास्त गोड लागतो. तेव्हा एक वाटी साखरेच्या जागी अर्धी वाटी मधाने सुरुवात करा. चव बघा, लागला तर आणखी घाला, पण पाऊण वाटीच्या पुढे जाऊ नका. दुसरं म्हणजे मधात सुमारे १८ टक्के पाणी असतं. अर्धी वाटी मधाबरोबर चार चहाचे चमचे पाणी आपोआप आत जातं. तेवढं दूध किंवा पाणी पदार्थातून कमी करायचं. तिसरं, मध किंचित आंबट असतो. जिभेला कळत नाही, पण दुधाला कळतं. उकळत्या दुधात मध घातला तर दूध फाटू शकतं. आमची एक खीर अशीच गेली. दूध कोमट झाल्यावरच मध घालावा.

मग प्रश्न येतो आचेचा. मध तापवावा की नाही? आमच्या गटातल्या आजी म्हणाल्या, “मध तापवला की विष होतो, आमच्या सासूबाई हातसुद्धा लावू द्यायच्या नाहीत.” चरकसंहितेत मध तापवून घेऊ नये असं सांगितलेलं आहे, तेव्हा आजींचं म्हणणं हवेतलं नाही. आजचं अन्नशास्त्र वेगळ्या शब्दांत सांगतं. मध तापला की त्याचा सुगंध उडतो, त्यातली पाचक द्रव्यं नष्ट होतात आणि हायड्रॉक्सिमिथाइल फरफ्युरल नावाचा पदार्थ वाढतो. हा पदार्थ भाजलेल्या बिस्किटात आणि कॉफीतही असतो, त्यामुळे केकमध्ये मध भाजला म्हणून घाबरायचं कारण नाही. पण ज्या वासासाठी एवढे पैसे मोजले तोच उडाला तर उपयोग काय? म्हणजे आजींच्या वाटेने गेलं काय किंवा शास्त्राच्या वाटेने गेलं काय, ओट्यावरचा नियम एकच निघतो: मध सगळ्यात शेवटी, गॅस बंद केल्यावर. पदार्थात बोट घालवेल इतका तो निवला की मग मध. ज्यांच्या घरी मध मुळीच तापवत नाहीत त्यांनी आम्ही सांगणार आहोत तो केक सोडून द्यावा, बाकीचे प्रकार करता येतील. तूप आणि मध समान वजनाने एकत्र घेऊ नयेत असंही आयुर्वेदात सांगितलंय. जे पाळतात त्यांनी एक कमी, एक जास्त ठेवावं. आमच्या कृतींमध्ये तसंच प्रमाण आहे.

पंचामृतावरून आमच्याकडे एकदा मोठी गंमत झाली. आम्ही म्हटलं, आज पंचामृत करू. एकीला वाटलं पूजेचं, म्हणजे दूध, दही, तूप, मध आणि साखर. दुसरीने चिंचेचा कोळ, तीळ, दाण्याचं कूट आणि मिरच्या काढल्या, कारण तिच्या डोळ्यांसमोर लग्नाच्या पानातलं डावीकडचं पंचामृत होतं. छेडानगरच्या मामी म्हणाल्या, आमच्याकडे पंचामृत म्हणजे पळणीच्या मुरुगनचा प्रसाद: केळी, गूळ, तूप, मध, खजूर, खडीसाखर, वेलची. एकाच नावाचे तीन पदार्थ, आणि दोनांत मध. तिसऱ्यात, म्हणजे आपल्या पानातल्या पंचामृतात, गूळ असतो. आंबट, तिखट आणि गोड एकत्र खायची सवय आपल्या जिभेला पिढ्यान्‌पिढ्या आहे. आमटीत चिंच-गूळ घालणाऱ्या घराला तिखटात मध परका वाटायचं कारणच नाही. तेव्हा तिखटापासूनच सुरुवात करू.

पहिली कृती, मुगाची कोशिंबीर. मोड आलेले मूग एक वाटी घ्या आणि पाच मिनिटं वाफवून गार करा. त्यात बारीक चिरलेली काकडी, कांदा आणि टोमॅटो घाला. एका छोट्या झाकणाच्या बाटलीत दोन चमचे लिंबाचा रस, एक चमचा मध, पाव चमचा मीठ आणि एक ठेचलेली हिरवी मिरची घालून बाटली चांगली हलवा. मध असा लिंबाच्या रसात आधी विरघळवून घेतला की सगळीकडे सारखा लागतो. नुसता वरून ओतला तर तळाशी गोळा होऊन बसतो. हिंग-जिऱ्याची फोडणी गार करून घाला. मीठ-मधाने पाणी सुटतं, म्हणून हे पानं मांडल्यावरच कालवा. डब्यात न्यायचं असेल तर बाटली वेगळी न्या.

दुसरी, पानातलं पंचामृत. इथे आम्ही पूर्ण गुळाच्या जागी मध घालून पाहिला आणि खरं सांगतो, जमलं नाही. गुळाने जो दाटपणा येतो तो मधाने येत नाही. मग असं केलं: तेलात मोहरी, हिंग आणि थोड्या मेथ्यांची फोडणी केली. त्यावर आठ-दहा कमी तिखट मिरच्यांचे तुकडे आणि खोबऱ्याचे काप परतले. पाव वाटी चिंचेचा कोळ, थोडं पाणी, मीठ आणि गोडा मसाला घालून उकळी आणली. दोन-दोन मोठे चमचे तिळाचं आणि दाण्याचं कूट घातलं. गूळ नेहमीपेक्षा निम्माच घातला आणि पूर्ण निवल्यावर एक मोठा चमचा गडद मध ढवळला. चव एकदम भरून आली.

तिसरी कृती मुलांसाठी. चायनीजच्या गाडीवर हनी चिली पोटॅटो मिळतो आणि मुलं त्यासाठी हट्ट धरतात. हा घरी उत्तम होतो. चार मध्यम बटाटे बोटभर जाडीचे लांब चिरा, मिठाच्या उकळत्या पाण्यात चार मिनिटं ठेवा, निथळून फडक्यावर अगदी कोरडे करा. तीन मोठे चमचे कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवून तळा. कुरकुरीत हवे असतील तर एकदा फिके तळून काढा, गार होऊ द्या आणि वाढण्याआधी पुन्हा तळा. कढईत एक मोठा चमचा तेल, आठ पाकळ्या बारीक लसूण, थोडं आलं, दोन मिरच्या आणि ढोबळी मिरचीचे काप मोठ्या आचेवर परता. दोन चमचे सोया सॉस, एक मोठा चमचा टोमॅटो सॉस, चमचाभर व्हिनेगर आणि दोन मोठे चमचे पाण्यात कालवलेलं अर्धा चमचा कॉर्नफ्लोअर घाला. दाट झालं की गॅस बंद. मनात साठपर्यंत आकडे मोजा आणि मग दीड मोठा चमचा मध घाला. बटाटे घोळवा, वर भाजलेले तीळ पेरा. सोया सॉस खारट असतो, म्हणून मीठ चव बघूनच.

चौथी, तव्यावरचं चिकन. शाकाहारी घरांनी याच रीतीने पनीर किंवा लाल भोपळ्याच्या फोडी कराव्यात, भोपळा तर फारच छान होतो. अर्धा किलो चिकनच्या तुकड्यांना आलं-लसूण, लिंबू, हळद, तिखट आणि मीठ लावून तासभर फ्रिजमध्ये ठेवा. मध आधीच लावू नका. पहिल्यांदा आम्ही लावला होता. बाहेरून काळं झालं आणि आतून कच्चं राहिलं. मधातली साखर फार लवकर जळते. चिकन झाकण ठेवून पूर्ण शिजवून घ्या. मग एक मोठा चमचा मध, एक चमचा लिंबाचा रस आणि मिरपूड एकत्र करून शेवटच्या दोन मिनिटांत मंद आचेवर तुकड्यांना लावा, एकदा उलटा आणि उतरवा. चकाकी येते, वास येतो आणि तवाही घासायला जड जात नाही.

आता गोडाकडे वळू. आधी आमची फजिती सांगतो, म्हणजे तुमची टळेल. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही ठरवलं, यंदा गुळाऐवजी मधाची तिळवडी. तीळ भाजले, दाण्याचं कूट केलं, मध गरम करून त्यात घातला, ताटाला तूप लावून थापलं, वड्या पाडल्या. रात्री छान दिसत होत्या. सकाळी पाहिलं तर वड्यांचा एकच मऊ गोळा! बायका दारात, आणि आमच्याकडे द्यायला चिकट लगदा. शेवटी छोट्या द्रोणांत चमच्याने वाढला आणि ‘नवीन प्रकार आहे’ असं म्हणून वेळ मारून नेली.

असं का झालं ते नंतर कळलं. गुळाचा पाक थंड झाला की कडक होतो. मधात फळसाखर, म्हणजे फ्रुक्टोज, जास्त असते. ती सहज घट्ट होत नाही आणि हवेतला ओलावा ओढून घेते. आपल्या मुंबईच्या दमट हवेत तर विचारूच नका. मध खूप आटवला तर कडक होईल, पण मग तो मध उरला नाही. म्हणून कडक वडी, चिक्की, काजूकतली यांच्या वाटेला मध घेऊन जाऊ नका. मऊ लाडू मात्र करा: एक वाटी भाजलेले तीळ जाडसर कुटा, अर्धी वाटी दाण्याचं कूट, पाऊण वाटी बिया काढून वाटलेला खजूर, वेलची आणि वळण्यापुरता दोन-तीन चमचे मध. खजुराने लाडू बांधला जातो, मध वासापुरता. फ्रिजमध्ये आठवडाभर छान राहतात.

जो ओलावा वडीला मारक, तोच केकला तारक. मधाचा केक दुसऱ्या दिवशी जास्त मऊ लागतो. एक वाटी कणीक, अर्धी वाटी नाचणीचं पीठ, अर्धा चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ एकत्र चाळा. दुसऱ्या भांड्यात अर्धी वाटी मध, अर्धी वाटी दही, पाव वाटीपेक्षा थोडं जास्त तेल आणि पाव वाटी दूध फेटा. दोन्ही हलक्या हाताने एकत्र करा, फार घोटू नका. मधाने केक लवकर काळा होतो, म्हणून ओव्हन नेहमीच्या १८० अंशांऐवजी १६० अंशांवर ठेवा. पस्तीस-चाळीस मिनिटांनी सुरी घालून पाहा, कोरडी निघाली की झाला. तेल मोजलेल्या वाटीतच मग मध मोजा, म्हणजे मध वाटीला चिकटून राहत नाही. ही युक्ती सिंधी भाभीची.

लापशीही फार चांगली होते. एक वाटी दलिया दोन चमचे तुपावर खमंग भाजा, तीन वाट्या पाणी घालून कुकरला तीन-चार शिट्ट्या काढा. झाकण उघडून निवू द्या. मग चार मोठे चमचे मध, ओलं खोबरं आणि वेलची घाला.

मधाचं श्रीखंड करायचं असेल तर चक्का अगदी कोरडा हवा. एक लिटर दुधाचं दही फडक्यात बांधून चाळणीवर ठेवा आणि ते सगळं फ्रिजमध्ये रात्रभर राहू द्या. आपल्याकडच्या उकाड्यात बाहेर टांगलेला चक्का आंबट होतो. चक्का पुरणयंत्रातून काढून पाच-सहा मोठे चमचे मध, दुधात खललेलं केशर आणि जायफळ घाला. साखरेच्या श्रीखंडाइतकं हे गोड नसतं आणि तितकं गोड करायलाही जाऊ नका, कारण जास्त मधाने ते ओघळतं. जेवायच्या अर्धा तास आधीच कालवा.

मैत्रिणींनो, आता त्या दोन गोष्टी. पहिली मधुमेहाची. आमच्या गटातल्या एका काकूंच्या यजमानांना मधुमेह आहे. त्यांनी साखर पूर्ण बंद केली होती आणि चहा, दलिया, पोळी सगळ्यात मध सुरू केला होता, “नैसर्गिक आहे, चालतो” म्हणून. तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी झाली तेव्हा आकडा खाली यायच्या ऐवजी वर गेला होता. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मधाचा उलगडा झाला. काकूंना फार वाईट वाटलं, कारण त्या हे प्रेमानेच करत होत्या. हिशेब सरळ आहे. मधात शंभरातले ऐंशी भाग साखरच असते, फक्त ती ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या रूपात. चहाच्या चमच्याने मोजलं तर साखरेचा चमचा चार ग्रॅमचा, म्हणजे १६ कॅलरी. मधाचा चमचा जड, सात ग्रॅमचा, म्हणजे २१ कॅलरी. चमच्याला चमचा लावला तर मधच भारी पडतो. तेव्हा मधुमेह असलेल्यांनी मध साखरेसारखाच मोजायचा आणि किती चालेल ते आपल्या डॉक्टरांना विचारायचं. वजन कमी करायला मध पिणाऱ्यांनीही हा हिशेब लक्षात ठेवावा.

दुसरी गोष्ट बाळाची, आणि ही कृपा करून घरातल्या सगळ्यांना सांगा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही. चाटवायचा नाही, चोखणीला लावायचा नाही, गुटीत नाही, पाण्यात नाही, शिजवलेल्या खाऊतही नाही. कारण असं की मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूची बीजं असू शकतात. मध शुद्ध असो, रानातला असो की दुकानातला, ती असू शकतात, आणि घरच्या उकळण्याने ती मरत नाहीत. आपल्या मोठ्यांच्या पोटात ती वाढत नाहीत. तान्ह्याचं आतडं अजून तयार झालेलं नसतं, तिथे ती रुजतात आणि विष तयार करतात. बाळाला बद्धकोष्ठ होतो, रडणं क्षीण होतं, अंगावर ओढत नाही, मान आणि हातपाय सैल पडतात, श्वासापर्यंत त्रास जाऊ शकतो. हे क्वचित घडतं, पण घडलं तर जिवावर बेततं. अशी लक्षणं दिसली तर थांबू नका, ताबडतोब रुग्णालयात न्या आणि बाळाला मध दिला असेल तर न लपवता सांगा. तसंही पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीच लागत नाही, पाणीसुद्धा नाही.

आम्हाला ठाऊक आहे, हे सांगणं सोपं आहे आणि घरात पाळणं अवघड. जन्मलेल्या बाळाच्या जिभेवर सोन्याने मध लावायची रीत आपल्यात किती घरांत आहे! आमच्या एकीच्या नातवाच्या वेळी असंच झालं. पणजीबाई सोन्याचं वळं आणि मध घेऊन तयार होत्या, सून घाबरलेली, आणि मुलगा दोघींच्या मध्ये. पणजीबाई म्हणाल्या, “आमची सहा मुलं मध चाटूनच मोठी झाली.” कोणी त्यांना अडाणी म्हटलं नाही. सुनेने फक्त जवळ बसून सगळं कारण समजावून सांगितलं. पणजीबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी वळं मधात बुडवलं, सुनेच्या जिभेला लावलं आणि म्हणाल्या, “आईच्या पोटात गेलं म्हणजे बाळाला पोचलंच.” आईने मध खाल्ल्याने अंगावरच्या बाळाला काही होत नाही, त्यामुळे ही तोड अगदी बिनधोक आहे. रीतही राहिली, बाळही सुरक्षित राहिलं. तुमच्या घरी असा प्रसंग आला तर हे सांगून बघा.

शेवटी खरेदी आणि साठवण. पाण्यात थेंब टाकून, कागदावर लावून किंवा काडी पेटवून मधाची पारख करतात, पण त्यावर विसंबू नका. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने तपासलेल्या २२ नमुन्यांपैकी फक्त ५ नमुने सगळ्या चाचण्यांत उतरले. तांदळासारख्या धान्यापासून केलेला साखरेचा पाक असा मिसळलेला असतो की तो साध्या तपासणीतही सापडत नाही, मग आपल्या वाटीतल्या पाण्यात कसा सापडेल? आपण एवढंच करू शकतो: लेबल वाचायचं, परवाना क्रमांक आणि तारीख बघायची, शक्यतो मधपाळांच्या सोसायटीचा किंवा ओळखीच्या मधपाळाचा मध घ्यायचा, आणि फारच स्वस्त मिळाला तर का ते विचारायचं.

मध फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे तो लवकर घट्ट होतो. घट्ट झालेला, रवाळ मध खराब नसतो. त्यातलं ग्लुकोज गोठतं इतकंच. बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवली की पुन्हा सैल होतो, गॅसवर चढवू नका. काचेची बाटली, घट्ट झाकण, कोरडा चमचा. ओला चमचा गेला तर मध आंबतो, फेस येतो. म्हणूनच मधात आवळे घालून ठेवलेत तर ते फ्रिजमध्ये ठेवा. आवळ्याचं पाणी मधात उतरतं आणि तो साधा मधासारखा टिकत नाही.

मधपाळ सांगतात की एक कामकरी माशी आयुष्यभर राबते तेव्हा चमच्याचा जेमतेम बारावा भाग मध होतो. आम्हाला हे कळल्यापासून वाटीला चिकटलेला मधसुद्धा आम्ही पाण्याने खळबळून पिऊन टाकतो. तेव्हा बाटली ओट्यावर आणा, पण साखरेसारखी उपडी करू नका. चमच्याने घ्या, शेवटी घाला, आणि बाळापासून वर्षभर लांब ठेवा.

येत्या आठवड्यात घरी मुगाची कोशिंबीर नक्की करून बघा आणि कशी झाली ते आम्हाला कळवा. तुमच्या घरी मधाचा एखादा जुना पदार्थ होत असेल तर तोही सांगा, पुढच्या वेळी आम्ही तो करून पाहू. आज इथेच थांबतो. नमस्कार.